जुन्या शाळेतलं संग्रहालय: जाण्याआधी वाचा

हे संग्रहालय चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यातल्या एका गावात आहे. तिथे जाताना फाट्यावरच्या पाटीवर विसंबू नका. पाटी 1 किलोमीटर सांगते, चालताना अडीच भरतं. त्यातली मधली पांदण, म्हणजे शेतांमधली वाट, निव्वळ काळ्या मातीची. पावसाळ्यात दुचाकी घालूच नका. माती टायर आणि मडगार्डमध्ये ठासून बसते, चाक जाम होतं, मग पुढचं मडगार्ड खोलल्याशिवाय गाडी हलत नाही. गाडी फाट्यावर लावा आणि धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधावरून, चाला. गवतामुळे तिथे पाय रुततो कमी.

ऑटोवाले जाताना 50 सांगतात, परतीला 200 मागतात. जाणं-येणं आणि दोन तास थांबणं, सगळं मिळून बसायच्या आधी ठरवा. नागपूर–नागभीड छोट्या रेल्वेच्या भरवशावर कोणी निघू नये, ती 2019 मध्येच ब्रॉडगेजसाठी बंद झाली. उमरेड-भिवापूरमार्गे एसटी धरा. संग्रहालयाची किल्ली गावात एका घरी असते, बाजाराच्या दिवशी कुलूप हमखास.

दाखल-खारीज रजिस्टरसाठी (शाळेत मुलांची नावं दाखल आणि कमी केल्याची, जात लिहिलेली जुनी वही) येणाऱ्यांची इथे सर्वांत मोठी फसगत होते. जात पडताळणीला अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीची नोंद लागते, म्हणून लोक लांबून खेटे घालतात. काचेखालच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरावा म्हणून चालत नाही. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, दाखल झाल्याचं अंदाजे साल लिहा आणि सहीशिक्क्याचा उतारा घ्या. नोंद मोडीत असेल तर लिप्यंतरही लागेल.

मापांची खोली मात्र चुकवू नका. पायलीखालच्या चिठ्ठीवर किलो लिहिलेत, ते साफ चूक आहे. पायली हे मापाचं भांडं. त्याच पायलीत धान वेगळं भरतं, तूर वेगळी. वजनाचा शेर मात्र 80 तोळ्यांचा, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. ही चिठ्ठी बदलायलाच हवी, शाळेची पोरं तीच वहीत उतरवून नेतात.

नाण्यांच्या पेटीत 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा शोधा. एकाच्या भोकाची कड एका बाजूने गुळगुळीत झिजली आहे, करदोड्यात ओवलेला असणार. अशा 64 पैशांचा रुपया व्हायचा. 1 एप्रिल 1957 पासून 100 नव्या पैशांचा झाला. कौलांखाली उजेड कमी, वीज बेभरवशाची, तेव्हा बॅटरी न्या आणि ती तिरपी धरा. सरळ झोत टाकला की काच चमकते, अक्षर दिसत नाही.

परतीची एसटी फाट्यावर साडेचारला येते. पायी असाल तर साडेतीनला निघा.