नादकाट्याच्या दोन परीक्षा आणि माझा डावा कान

सर्दी ओसरली तरी डाव्या कानाला बसलेला दडा सुटेना आणि त्या बाजूने फोनवरचे बोलणे पुसट येऊ लागले, तेव्हा मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. कानात मळ नसल्याची खात्री करून डॉक्टरांनी खणातून ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटल्यावर ठरावीक स्वर देणारा दोन पात्यांचा धातूचा काटा) काढला. एका कानाने अचानक कमी ऐकू येण्यामागे सर्दीनंतर पडद्यामागे साठलेले पाणी असू शकते, तसाच आतल्या कानाचा किंवा श्रवणनसेचा दोषही असू शकतो; दुसऱ्या प्रकारात स्टेरॉइडचे उपचार लांबवून चालत नाही, म्हणून हा भेद आधी करायचा, असे त्यांनी सांगितले.

त्यांनी काटा स्वतःच्या कोपरावर हलकेच आपटला. टेबलासारख्या कठीण वस्तूवर आपटल्यास मूळ स्वरात इतर स्वर मिसळतात, म्हणून ही काळजी. काट्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मध्यभागी टेकवून आवाज कोणत्या बाजूला येतो, असे त्यांनी विचारले. तो स्पष्टपणे डाव्या, म्हणजे दडा बसलेल्याच कानात येत होता, आणि उत्तर देताना मी जरा अडखळलोच. ही जर्मन वैद्यक वेबर यांनी १८३४ मध्ये वर्णिलेली परीक्षा. बाहेरून येणारा आवाज मध्यकर्णात, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीत अडला, की खोलीतला गोंगाट त्या कानापर्यंत नीट पोहोचत नाही आणि हाडातून आलेला स्वर तिथे अधिक ठळक होतो; दोष नसेचा असता, तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता. एका कानात बोट घालून गुणगुणून पाहिले, तरी हा प्रकार कोणालाही पडताळता येतो.

त्यानंतर जर्मन डॉक्टर रिने यांची, १८५५ पासूनची परीक्षा झाली. काटा कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि मग त्याची पाती कानाच्या छिद्रासमोर धरायची. निरोगी कानाला हवेतला आवाज मोठा वाटतो. उजवीकडे तसेच झाले, पण डावीकडे हाडावरचाच आवाज मोठा होता. हाडाला जाणवणारी थरथर आणि ऐकू येणारा स्वर यांत गल्लत करू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि ती सूचना मला फार मोलाची वाटली, कारण थरथर खरोखरच फसवी असते. दोन्ही परीक्षा एकत्र वाचण्याचे कारणही त्यांनी सांगितले: एक कान पूर्ण बधिर असला, तरी हाडातून गेलेला स्वर पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू येतो, आणि मग एकट्या रिनेच्या निकालावरून बधिर कानात नुसता वहनदोष, म्हणजे आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचण्यातला अडथळा, असल्याचा भास होतो. अशा वेळी वेबरमध्ये आवाज चांगल्या कानाकडे जातो आणि खरे काय ते कळते.

माझे दोन्ही निकाल वहनदोषाकडेच बोट दाखवत होते. मात्र नादकाटा दोषाचा प्रकार सुचवतो, ऐकणे किती डेसिबलने घटले आहे ते मोजत नाही. ते ऑडिओमेट्रीत (यंत्राने ऐकण्याची पातळी मोजणाऱ्या तपासणीत) कळले, आणि टिम्पॅनोमेट्रीत (कानातील हवेचा दाब बदलून पडद्याची हालचाल पाहणाऱ्या तपासणीत) पडदा जवळजवळ हलत नसल्याचे दिसल्याने पाणी साठल्याच्या निदानाला दुजोरा मिळाला. पाणी बहुधा आपोआप ओसरेल, असे सांगून डॉक्टरांनी काही आठवड्यांनी फेरतपासणीला बोलावले. तेव्हा कपाळावरचा आवाज मधोमध आला आणि डावीकडेही हवेतला स्वर मोठा वाटला. तरीही त्यांनी ऑडिओमेट्री पुन्हा करून घेतली, कारण थोडीशी उरलेली तूट रिनेच्या परीक्षेत निसटू शकते.