बोफिशिंगची सुरुवात: धनुष्य, रीळ आणि कार्प

गळाला चुकीचा मासा लागला तर तो परत पाण्यात सोडता येतो. बाण लागलेला मासा सोडून उपयोग नसतो, तो मरतोच. म्हणून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बोफिशिंगचा, म्हणजे धनुष्यबाणाने मासे मारण्याचा, छंद सुरू करताना मी धनुष्याच्या आधी मासे ओळखायला शिकले, आणि नव्या माणसालाही हाच क्रम सांगते.

आपलं लक्ष्य कॉमन कार्प, म्हणजे आपल्याकडच्या शेततळ्यातला सायप्रिनस. सोनेरी-पितळी अंग, मोठे खवले, शेपटीकडे नारिंगी झाक, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. बफेलो नावाचा मासा वरून जवळजवळ तसाच दिसतो. त्याला मिशा नसतात, पण पाण्यावरून मिशा दिसणार कशा? तेव्हा रंग बघायचा: बफेलो राखाडी, काळपट असतो. तो इथला मूळचा मासा आहे. बिगमाउथ बफेलो शंभरी ओलांडतो हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, त्यातल्या एकाचं वय 112 वर्षं निघालं. नियमात बसत असला तरी मी त्याच्यावर बाण सोडत नाही. कार्पचं तसं नाही. तो एकोणिसाव्या शतकात युरोपातून मुद्दाम आणलेला, आणि तळ ढवळून पाणी गढूळ करणारा. शंका असेल तर दोरी ओढायचीच नाही.

इलिनॉयमध्ये मासेमारीचा परवाना लागतो. त्याचं वर्ष 31 मार्चला संपतं, आणि वसंतातच हंगाम सुरू होतो, त्यामुळे नूतनीकरण विसरू नये. बास, वॉलाय यांसारखे खेळाचे, म्हणजे हौशी लोक गळाने धरतात ते, मासे बाणाने मारता येत नाहीत. बाकी यादी त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत आणि त्या-त्या तलावाच्या फलकावर वाचायची, कारण काही पाण्यांना वेगळे नियम असतात.

धनुष्य महाग नको. शिकारीच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्यात दोरी पूर्ण ओढल्यावर ओढीचं वजन एकदम हलकं होतं. निशाण धरून थांबायला ते छान, पण इथे मासा दोन सेकंदांत निघून जातो आणि पुष्कळदा अर्ध्या ओढीतच बाण सोडावा लागतो. म्हणून सुरुवातीला साधं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, 35 ते 40 पौंड ओढीचं. त्याहून जड घेतलं तर बाण माशातून आरपार जाऊन चिखलात रुततो आणि हात लवकर थकतात. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, लावायची नाही. बोटांसाठी दोरीवर रबरी नळ्या बसवायच्या.

बाण भरीव फायबरग्लासचा, 5/16 इंच जाडीचा, बिनपिसांचा. टोकाला उलटे काटे. दर वेळी बाण हलका वाकवून बघायचा; तडा किंवा निघालेलं कुसळ दिसलं की तो बाण बाद.

आता सर्वांत महत्त्वाचं. बाण आणि मासा परत ओढायला धनुष्यावर दोरीचं रीळ असतं. त्या रिळाची दोरी बाणाच्या मागच्या टोकाला थेट कधीही बांधू नये. ती धनुष्याच्या दोरीत अडकली तर बाण पूर्ण वेगाने सोडणाऱ्याच्याच तोंडावर उलटतो. यासाठी बाणावर सेफ्टी स्लाइड नावाची छोटी सरकती कडी असते. दोरी तिला बांधायची. बाण लावल्यावर कडी रेस्टच्या, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या, पुढे असते, सुटताना ती मागे सरकून टोकाजवळच्या अडसराला टेकते. बटणाच्या रिळात दुसरा धोका आहे: बटण दाबायचं राहिलं तर दोरी सुटत नाही आणि बाण झटका खाऊन परततो. म्हणून मी बाटलीचं रीळ घेतलं. त्यात दोरी बाटलीत सैल पडलेली असते, बटण नसतं. पण त्यातही दोरी घड्याळात, बाहीत किंवा रिळाच्या मुठीत गुंतलेली नाही हे दर बाणाआधी बघावंच लागतं.

नेम खाली धरायचा. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो, त्यामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. ढोबळ नियम असा: मासा 10 फूट लांब आणि 1 फूट खोल असेल तर 4 इंच खाली, अंतर किंवा खोली दुप्पट झाली तर खाली धरणंही दुप्पट. नवखे जवळजवळ नेहमी माशाच्या वरून मारतात. सरावासाठी पाण्याखाली, चिखलाच्या तळावर प्लास्टिकची बाटली दगड घालून ठेवावी. जमिनीवरचा सराव हात बसवतो, पण खाली धरायची सवय पाण्यातच लागते. पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही. गढूळ पाण्याला तांबूस काच बरी.

पाणी 18 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की, साधारण मे-जूनमध्ये, कार्प अंडी घालायला उथळ गवतात येतात. गुडघाभर पाण्यात, सूर्य पाठीशी ठेवून हळू चालायचं. तीन फुटांहून खोल माशावर बाण वाया जातो, पाणी त्याचा जोर खाऊन टाकतं. फार तिरपा बाण पाण्यावरून उसळतो, तेव्हा समोर माणूस किंवा होडी असेल तर थांबायचं. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, इलिनॉय नदीत मोटरच्या आवाजाने हवेत उड्या मारतो. ते होडीवरचं काम अनुभवी लोकांसोबतच करावं.

मासा ओढताना हातमोजे हवेतच, ती दोरी बोट कापते. बाण लाकडात रुतला तर ताणून झटके देऊ नयेत. सुटला की तो गोफणीसारखा येतो. जवळ जाऊन सरळ उपसावा. माशातून काढताना टोक एक-दोन फेरे सैल करायचं, काटे मिटतात, बाण निघतो.

मासा काठावर टाकून जाणं मला मान्य नाही. लगेच कल्ले कापून रक्त काढावं आणि बर्फात ठेवावं. कातडीखालची लाल पट्टी काढली की चिखलाचा वास जातो. बारीक काट्यांसाठी तुकड्यांवर पाव इंचाच्या अंतराने चिरा द्याव्यात, मग हळद-मीठ-तिखट लावून कडक तेलात तळावं. काटे कुरकुरीत होतात. कुठल्या पाण्यातला मासा किती खावा याची सूचना राज्य सरकार प्रसिद्ध करतं, पारा आणि पीसीबी नावाच्या विषारी औद्योगिक रसायनांमुळे. आणि कधी गार नावाचा लांब चोचीचा मासा मारलात तर त्याची गाबोळी चुकूनही खाऊ नका, ती विषारी असते.