चिंगी, गोचिड्या आणि शहाबादी फरशीच्या फटी

आधी महत्त्वाचं सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसली की तिच्यावर काहीही ओतायचं नाही. रॉकेल नाही, पेट्रोल नाही, थिनर नाही, तंबाखूचं पाणी नाही, खोबरेल तेल पण नाही, आणि उदबत्तीचा चटका तर अजिबातच नाही. प्लकरने धरायची, सरळ ओढायची, संपलं. एवढं जरी कुणी लक्षात ठेवलं तरी मला लई बरं वाटेल, कारण जुळे सोलापुरात आमच्या गल्लीतच मी थिनरनं कातडी सोललेलं कुत्रं बघितलंय आणि त्याच्या मालकाचं त्याच्यावर जीवापाड प्रेम होतं, त्याला फक्त कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

आमची चिंगी म्हणजे गावठी, अंगात थोडं कारवानी (लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांचं) रक्त असावं असं तिचे पाय बघून वाटतं. केस बारीक त्यामुळं गोचीड लवकर दिसते, हे एक सुख. शेजारच्या आज्जी तिला लाडानं भाकरी घालतात आणि तिच्या कानात गोचीड दिसली की मला हाक मारतात, "अगं ए, दोन थेंब रॉकेल टाक की, लगेच सुटतंय बघ, आमच्या म्हशींना आम्ही तेच करायचो." मी म्हणते, आज्जी, चिंगी ते चाटंल हो, पोटात जाईल. मग त्या गप्प बसतात पण पटलेलं नसतं. म्हणून कारण नीट सांगते, म्हणजे तुमच्या घरच्या आज्जींना पण सांगता येईल.

गोचीड तोंड कातडीत रुतवते आणि वरून सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून स्वतःला पक्कं करून घेते. ती श्वास फार कमी वेळा घेते, तासाभरात मोजक्याच वेळा, त्यामुळं तेलानं किंवा व्हॅसलिननं गुदमरवायचं म्हटलं तर तिला मरायला लई वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती चिकटलेलीच राहते. वर चटका बसला, झोंबायला लागलं की तिची लाळ आणि पोटातलं उलट जखमेत जायची भीती असते. रोगाचे जंतू असतात ते नेमके त्याच लाळेत. आणि रॉकेल-पेट्रोलचं तर विचारूच नका, कातडी भाजते, कुत्रं चाटतं, ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो.

आता काढायची कशी. भुवया करायचा प्लकर असतो ना, त्यातला बारीक टोकाचा घ्यायचा, आणि तो मग कुत्र्यासाठीच ठेवायचा. हातात ग्लोव्हज, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी. झाकणाची एक छोटी बाटली, तिच्यात स्पिरिट किंवा सॅनिटायझर. कुत्र्याला दमवून आणून मग आडवं झोपवायचं, चिंगीला तर मी शेंगा खायला देते, ती तेवढ्यात खुश. एकानं डोकं धरायचं आणि मोबाईलची टॉर्च पण धरायची.

केस दोन बाजूला करायचे. मादी रक्त पिऊन फुगलेली असली तर एरंडाच्या बीएवढी राखाडी दिसते, आणि सगळ्यांचा हात आपोआप त्या फुगलेल्या पोटावर जातो. तिथं धरायचं नाही. पोट दाबलं की आतलं सगळं परत कुत्र्याच्या अंगात. प्लकर आडवा करून कातडीला टेकवायचा, अगदी केसांच्या मुळाशी, आणि जिथं गोचीड कातडीत शिरलीय तिथंच धरायची. मग सावकाश, एकाच जोरानं, सरळ वर. हिसका नाही, पीळ नाही. पहिल्यांदा कातडी तंबूसारखी वर येते आणि वाटतं की नाही निघत, सोडून द्यावं. तिथंच थांबायचं, जोर तेवढाच ठेवायचा, दोन-चार सेकंदात पकड सुटते आणि गोचीड पाय हलवत प्लकरमध्ये येते. तोंडाला कधीकधी कातडीचा पांढुरका कण लागून येतो, ते चांगलंच लक्षण. (दुकानात हुकसारखं एक साधन मिळतं, ते मात्र फिरवूनच वापरायचं असतं, त्याची पद्धत वेगळी. प्लकरला पीळ देऊ नका.)

आणि मादी काढली की तिथंच शेजारी बघा. तिच्या बाजूला, कधी तिच्या खालीच, एक चपटा, तपकिरी, लहानसा नर असतो. तो फुगत नाही म्हणून तो राहून जातो. चिंगीच्या कानाच्या मागच्या घडीत असे जोडीनं सापडतात.

तोंडाचा तुकडा आत राहिला तर? यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघून लोक लई घाबरतात. तिकडच्या काही गोचिड्यांचं तोंड लांब असतं. आपल्याकडं घरातल्या कुत्र्यावर बहुतेक वेळा जी असते ती तपकिरी गोचीड, रिपिसेफॅलस, तिचं तोंड आखूड, ती नीट ओढली की बहुतेक पूर्ण निघते. समजा राहिलंच काळं टोक, तर सहज निघालं तर काढा, नाहीतर सोडून द्या, शरीर ते हळूहळू बाहेर ढकलतं. सुईनं कोरत बसू नका. जागा साबणानं धुवून बेटाडिन लावा, हात धुवा. पुढं आठवडाभर तिथं बारीक गाठ राहते, ती गोचिडीच्या चाव्याची प्रतिक्रिया आहे, घाबरायचं कारण नाही. गाठ वाढायला लागली, पू आला तर डॉक्टर.

काढलेली गोचीड बाटलीत टाका. उवा मारतात तशी नखावर चिरडायची नाही, पायाखाली पण नाही. ही सवय आपल्याकडं लहानपणापासूनची आहे, आणि माझा सगळ्यात जास्त राग ह्याच्यावर आहे, कारण त्यातला जंतू माणसाला पण होतो. इंडियन टिक टायफस म्हणतात त्याला, रिकेट्सिया जातीच्या जंतूमुळं होतो, ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ, कधी तळहात-तळपायावर सुद्धा. औषध आहे, वेळेत दिलं तर बरा होतो, पण डॉक्टरला अंदाज यायला पाहिजे ना. घरात कुत्रं असेल, गोचिड्या काढल्या असतील आणि नंतर ताप आला तर दवाखान्यात हे वाक्य आपणहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

शोधायचं कुठं: कानाच्या आत आणि मागं, पापणीच्या कडेला, ओठाच्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या खाली, आणि पायाच्या बोटांच्या मध्ये. बोटांच्या मधलं लोक बघतच नाहीत. चिंगी पंजा चाटत बसली की मी सरळ बोटं फाकवून बघते.

मी गोचीड काढली की कालनिर्णयवर त्या तारखेला छोटी फुली मारते. एर्लिकिया म्हणून जो जंतू ही गोचीड देते तो चिकटल्यावर काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात जाऊ शकतो, म्हणून "उद्या रविवार आहे, निवांत काढू" असं करायचं नाही, दिसली की काढायची. आणि आजार दिसतो तो एक ते तीन आठवड्यांनी, तेव्हा आपण गोचीड विसरून गेलेलो असतो. कुत्रं खात नाही, एका कोपऱ्यात पडून राहतं, हिरड्या फिकट पडतात, पोटावर लाल ठिपके, कधी नाकातून रक्त. बॅबेसिया म्हणून गोचिडीचाच दुसरा जंतू असतो, तो असला तर लघवी चहासारखी गडद होते. नाक कोरडं-ओलं बघून ताप कळत नाही हो, थर्मामीटरनंच बघा, कुत्र्याचं नॉर्मल साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. ह्यातलं काहीही दिसलं की रक्त तपासायला न्या, प्लेटलेट्स किती पडल्यात ते कळतं. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं, आणि कुत्रं चौथ्या-पाचव्या दिवशीच उड्या मारायला लागतं म्हणून लोक गोळ्या बंद करतात, तसं करू नका, कोर्स पूर्ण करा, गोळी खाण्याबरोबर द्या. आणि घरातली क्रोसिन, ब्रुफेन स्वतःच्या मनानं देऊ नका, कुत्र्याला ती विष ठरू शकतात.

आता खरा विषय. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या घरात असतात. ही गोचीड अंड्यातून निघते तेव्हा सहा पायांची, टाचणीच्या टोकाएवढी असते, कुत्र्यावर चढते, रक्त पिते, खाली पडते, फटीत जाऊन कात टाकते, आठ पायांची होऊन परत चढते, परत पडते, परत फटीत, मग मोठी होऊन तिसऱ्यांदा चढते. पोट भरलेली मादी उतरून भिंतीकडं, वरच्या बाजूला जाते आणि फटीत एकदाच काही हजार अंडी घालते. भिंतीवर हळूहळू चढणारी राखाडी गोचीड दिसली तर ती तिकडंच निघालेली असते, तिला सोडू नका. मोठी गोचीड न खाता-पिता महिनोन्‌महिने टिकते, म्हणून "महिनाभर दिसली नाही, गेल्या वाटतं" हे खरं नसतं.

आणि आमची घरं कशी? शहाबादी फरशी, दोन फरशांच्या मधलं सिमेंट निघालेलं, लाकडी चौकट आणि भिंत ह्यांच्यात बोटभर फट, वर पत्रा. गोचिडीला ह्याच्यापेक्षा भारी घर मिळणार नाही. लोकांना वाटतं सोलापूरचं ऊन आहे, 43-44 डिग्रीला काय जगतंय. ऊन आपल्याला, ती फटीत सावलीत असते, आणि ही जात मुळात गरम, कोरड्या हवेचीच. उलट 2020 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी एक प्रयोग मांडला होता, एका पेटीत माणूस, एका पेटीत कुत्रं, मधल्या नळीत ह्याच तपकिरी गोचिड्या. हवा 23 डिग्रीच्या आसपास होती तेव्हा त्या कुत्र्याकडं जात होत्या, 38 च्या आसपास गेल्यावर माणसाकडं जाणाऱ्या वाढल्या. 38 म्हणजे आमच्याकडं मार्चमधली दुपार. तेव्हापासून उन्हाळ्यात मी पोरांच्या पण कानामागं बघते.

आमच्या इथं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं रोज फरशी धुवा, कुत्रं धुवा हे सल्ले इथं चालत नाहीत. आणि साध्या पाण्यानं गोचिड्या मरत पण नाहीत. आम्ही काय केलं, जिथं चिंगी झोपते तिथल्या फटी जुन्या टूथब्रशनं कोरून त्यात उकळतं पाणी सोडलं, वाळल्यावर पांढरं सिमेंट भरून घेतलं. चौकटीच्या फटीपण बुजवल्या. तिच्या अंथरुणाला जुनी सोलापुरी चादर आहे, ती पाण्याच्या दिवशी गरम पाण्यात भिजवते, मधल्या दिवसात काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्यावर उन्हात टाकते, उघडी टाकली तर गोचिड्या उतरून सावलीला पळतात. कॅलेंडरच्या मागं, पडद्याच्या शिवणीत, चप्पलच्या स्टँडखाली पण बघा. फवारणी करून घेणार असाल तर सगळं कोरडं होईस्तोवर कुत्रं आणि मांजर दोघं बाहेर.

गावाकडून जनावरांचं गोचिडीचं औषध आणून अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळतात, ते नका करू. म्हशीच्या मापाचं औषध कुत्र्याला जड जातं, ते चाटतं, लाळ गाळत पडतं. आणि त्यातली पायरेथ्रॉइड प्रकारातली काही औषधं, विशेषतः परमेथ्रिन, मांजरासाठी जीवघेणी आहेत, एकाच पायरीवर कुत्रं-मांजर झोपत असेल तर जास्तच सांभाळा.

आता खायच्या गोळ्या निघाल्यात, नेक्सगार्ड महिन्याची, सिम्पारिका साधारण पाच आठवड्यांची, ब्रेव्हेक्टो त्याहून लांब चालते. महाग आहेत, खरं आहे. पण एक तक्रार सारखी ऐकू येते की गोळी देऊनपण गोचीड दिसली, म्हणजे गोळी डुप्लिकेट. तसं नाही. गोळीचं औषध रक्तात असतं, गोचीड चावल्याशिवाय मरत नाही, आणि मेल्यावर पण काही वेळ चिकटून राहते. ती दिसली तर प्लकरनं काढून टाका. घरात फटीतल्या जेवढ्या चढतील तेवढ्या मरत जातात, म्हणून दोन-तीन महिने सलग द्यावी लागते, एक गोळी देऊन थांबलं की परत पहिले पाढे पंचावन्न. घरात दोन कुत्री असतील तर दोघांना एकदमच.

गोळी वजनावर ठरते, अंदाजे वजन सांगू नका. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला घेऊन उभं राहा, मग एकटे, वजाबाकी करा. पिल्लू असेल, कुत्री गाभण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नाही. आणि तुमच्या कुत्र्याला कधीही फिट आली असेल, अगदी लहानपणी एकदाच आली असेल तरी, ते गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरला सांगा, ह्या गोळ्यांनी अशा कुत्र्यांना परत फिट येऊ शकते, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध बघतात.