आमची वाटचाल : कपाटाच्या पाठीमागून सुरुवात

बडोद्यात जुन्या लाकडी सामानाला तोटा नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८७५ ते १९३९) शहर वाढलं. १८९० मध्ये लक्ष्मीविलास पॅलेस पूर्ण झाला, त्याच वर्षी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांत चौरंग-पाटांच्या शेजारी लिहायचं मेज, आरशाचं कपाट, लांब हातांची आरामखुर्ची आली. आता वाडे उतरतात, फ्लॅट उभे राहतात आणि सामान बाहेर पडतं. आमचं काम त्या सामानाचं आहे. सुरुवातीला नुसती खरेदी-विक्री होती, मग दुरुस्ती आली. आज आमचा बहुतेक वेळ गिऱ्हाइकाला निवड करायला मदत करण्यात आणि प्रत्येक वस्तूबरोबर लेखी तपशीलपत्र देण्यात जातो.

त्या पत्रात वय सगळ्यांत शेवटी येतं. आधी लिहितो मूळ किती आणि बदललेलं किती. कारण बाजारात ‘शंभर वर्षांचं’ म्हणून मिळणाऱ्या कपाटाचा वरचा भाग एका घरचा आणि खालचा दुसऱ्या घरचा असू शकतो. वाईट काही नाही, पण मग भाव दोन अर्ध्या वस्तूंचा हवा, एका अखंड वस्तूचा नव्हे.

म्हणून पाहणी पुढून करू नका. कपाट भिंतीपासून ओढा, पाठ बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा. खुर्ची आडवी करून बसण्याच्या चौकटीची आतली बाजू बघा. पुढचा भाग पॉलिशवाला सुंदर करू शकतो. मागे कोणी वेळ घालवत नाही, त्यामुळे खरं तिथे राहतं. टॉर्च लाकडाला जवळजवळ समांतर धरला की हाताच्या रंध्याने उमटलेली हलकी लाट दिसते, तळहातालाही लागते. हातकरवतीच्या रेघा सरळ पण अनियमित असतात. गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात. ड्रॉवरच्या कोपऱ्यातला डव्हटेल जोड (पाचरीसारखे दात एकमेकांत अडकवलेला) हाताने कापलेला असेल तर दात थोडे लहान-मोठे असतात आणि आखणीची बारीक रेघ अजून दिसते. सगळे दात तंतोतंत सारखे असतील तर ते मशिनचं काम समजा.

स्क्रूकडे आम्ही फार लक्ष देतो. हाताने केलेल्या स्क्रूची खाच मध्यावर नसते आणि टोक बोथट असतं. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळले. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला, त्याआधी तो कुठून येणार? पण एक स्क्रू नवा निघाला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, बिजागरी कधीतरी बदललेली असते. सगळे स्क्रू नवे, भोकं एकेकच आणि आजूबाजूला जुन्या भोकांची खूण नाही, असं दिसलं तर मात्र थांबा. तसंच मूठ. मूळ मुठीभोवती पॉलिशचा काळपट वेढा असतो. त्या वेढ्याचा आकार आणि मुठीचा आकार जुळत नसेल तर मूठ बदललेली आहे.

गोल टेबलाला टेप लावा. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून खऱ्या जुन्या गोल टेबलाचे दोन व्यास काही मिलिमीटरनी वेगळे येतात. अगदी वर्तुळाकार जुनं टेबल आम्ही पुन्हा एकदा तपासतो.

लाकूड ओळखताना रंगावर जाऊ नये. शिसवी जड असते, साग तिच्यापेक्षा हलका. सागाच्या ताज्या छेदाला तेलकट स्पर्श आणि स्वतःचा वास असतो. हलक्या लाकडाला गडद रंग देऊन शिसवी म्हणून विकतात. आतल्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा ओला कापूस घासला आणि खालून पिवळट-पांढरं लाकूड दिसलं, तर विषय संपला. संखेड्याच्या सामानावर ही चाचणी कधीच करू नये. ते लेथवर कातलेलं सागाचं काम, त्यावर लाखेचा थर. स्पिरिटने तो थर सुटतो. तिथे फक्त कोरडं मऊ कापड.

कीड हा सगळ्यांत खर्चिक मुद्दा. सागाचा गाभा टिकतो, पण कडेचा पांढरट भाग भुंगेरे पोखरतात, आणि स्वस्तात मिळालेल्या वस्तूत तो भाग जास्त वापरलेला असतो. छिद्र काळपट, कडा झिजलेल्या असतील तर कीड बहुधा जुनी. कडा तीक्ष्ण, आत लाकूड फिकट असेल तर चालू. खात्री नसेल तर वस्तूखाली काळा कागद पसरून दोन दिवस तिला हात लावू नका. पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. अशी वस्तू घरात आणायच्या आधी उपचार हवा आणि एक पावसाळा वेगळी ठेवून पुन्हा कागदाची परीक्षा घ्यावी. वाळवीने आतून पोकळ केलेला पाय बाहेरून धड दिसतो. पायावर टिचकी मारत जा, आवाज बदलला तिथे पोकळी आहे.

दुरुस्तीत आमचं धोरण हळूहळू पक्कं झालं: पुढच्या कारागिराला उघडता येईल अशीच दुरुस्ती करायची. जुने जोड सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचे असतात. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून खुर्ची न फोडता उघडता येते. रात्रभर पाण्यात भिजवलेला सरस आम्ही गरम पाण्यात भांडं ठेवून साधारण ६० अंशांवर पातळ करतो. उकळला तर ताकद जाते. डुगडुगणाऱ्या खुर्चीत कोणी पांढरा गोंद ओतला असेल तर काम तिप्पट वाढतं, कारण तो थर खरवडल्याशिवाय नवीन काहीच धरत नाही. आणि कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारं टोक) ढिली झाली म्हणून बाहेरून खिळा ठोकू नये. खिळा गंजतो, लाकूड त्याच्याभोवती चिरतं, आणि मग पायच बदलावा लागतो.

पॉलिशसाठी आम्ही चपडी लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख) वापरतो, १ लिटर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम. कापसाच्या पुरचुंडीने पातळ थर, प्रत्येक थर सुकू देऊन पुढचा. मेलामाइन हे रासायनिक पॉलिश जास्त टणक, पाण्याचा डागही पडत नाही. पण जुन्या सागावर प्लास्टिकचा चकाकता थर बसतो आणि ओरखडा पडला तर सगळा पृष्ठभाग काढावा लागतो. लाखेवर तेवढाच भाग दुरुस्त होतो. रोज गरम भांडी ठेवायच्या जेवणाच्या टेबलाला मात्र आम्हीच लाख सुचवत नाही.

घरात काय शोभेल याहून काय मावेल हे आधी ठरवा. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि खोलीचं दार यांची मापं लिहून आणा. ७ फूट उंच, २ फूट खोल कपाट तिरपं केलं की त्याला साधारण ७ फूट ४ इंच लागतात. जुनी मोठी कपाटं बहुतेकदा सुटी होतात: वरची नक्षीची पट्टी, मधला भाग, तळ. पाचरी कुठे आहेत ते विचारा. संगमरवरी फळी असेल तर ती वेगळी काढून उभी न्या. आडवी उचलली तर स्वतःच्या वजनाने मधोमध तडकते. टेबलाची उंची ३० इंच असेल तर खुर्चीची बैठक १७-१८ इंच हवी. पाय झिजून किंवा कापून खुर्ची १५ इंचांवर आली असेल तर जेवताना हात अवघडतात.

वेताच्या बैठकीत हाताने विणलेली ओळखायला चौकटीत वेत ओवलेली भोकं आहेत का ते बघा. तयार जाळीची बैठक खाचेत दाबून बसवलेली असते. विणकाम नुसतं सैल असेल तर खालच्या बाजूने ओलं कापड फिरवून सुकू द्या, वेत पुन्हा ताणला जातो. तुटलेलं असेल तर पूर्ण विणावं लागतं, ठिगळ टिकत नाही.

झोपाळ्याची चौकशी आमच्याकडे सर्वांत जास्त असते. फळीपेक्षा पितळी कड्या आधी बघा. एक कडी दुसरीला घासते तिथे जाडी पाव भागाहून जास्त कमी झाली असेल तर ती कडी आम्ही बदलतोच. फ्लॅटमध्ये नुसत्या प्लॅस्टरमध्ये ठोकलेल्या आकड्यावर झोपाळा टांगू नका. आकडा स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये हवा आणि तो इंजिनिअरकडून तपासून घ्यावा.

कायद्याबद्दल दोनच गोष्टी. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी मुलांसाठी निवड करणाऱ्या आजी-आजोबांना आम्ही हे पहिल्याच भेटीत सांगतो. हस्तिदंती जडणकामाची वस्तू आम्ही घेत नाही आणि विकतही नाही.

पॉलिशचं काम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बंद असतं, कारण दमट हवेत लाखेवर पांढुरकी छटा धरते. त्या महिन्यांत जोडकाम आणि वेताचं विणकाम चालतं. दिवाळीला घरात हवी असलेली वस्तू मेच्या आत द्यावी.