नोव्हेंबरातलं पर्ड्यू कसं बघावं

पर्ड्यू म्हणजे अमेरिकेतल्या इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ. मोसम नोव्हेंबरात सुरू होतो, आणि खरा निकाल लागतो तो मार्चमधल्या बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेत. या संघाच्या चाहत्यांना नोव्हेंबरात सगळ्यात जास्त काय खुपतं? संघ जिंकत असतो आणि तरी कुणी विश्वास ठेवत नाही. त्यात लोकांची चूक नाही. मार्च २०२१ मध्ये नॉर्थ टेक्सस, २०२२ मध्ये सेंट पीटर्स आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सन, म्हणजे मानांकनात अनुक्रमे तेरावे, पंधरावे आणि सोळावे संघ. तिन्ही वेळा घरी परतलं ते पर्ड्यू. अशा संघाने नोव्हेंबरात दहा सामने जिंकले काय आणि आठ काय, 'मार्चमध्ये बघू' हेच उत्तर येणार.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मार्चचं बरंचसं नोव्हेंबरात दिसतं, फक्त ते विजय-पराजयाच्या रकान्यात नसतं. २०२३-२४ चा मोसम यासाठी उत्तम नमुना आहे. शेवट आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सुरुवातीला काय दिसत होतं आणि काय नाही ते नीट तपासता येतं.

आधी भोक कुठे होतं ते बघू. १७ मार्च २०२३, कोलंबस. फेअरली डिकिन्सन ६३, पर्ड्यू ५८. समोरचा संघ डिव्हिजन वनमधला, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या स्तरातला, उंचीने सर्वांत लहान, आणि पर्ड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. त्या संघाने ईडीच्या पुढे एक माणूस उभा केला, मागे दुसरा ठेवला आणि पर्ड्यूच्या बाहेरून मारणाऱ्यांना सांगितलं, मारा. बाहेरच्यांनी तीन गुणांचे २६ फटके मारले आणि ५ घातले. त्यात १६ टर्नओव्हर, म्हणजे फटका न मारताच गमावलेले चेंडू. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोन्ही सुरुवातीचे गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू हाताळणारे खेळाडू, तेव्हा पहिल्या वर्षाला होते, आणि दबाव आला की चेंडू वर आणायचं जवळजवळ सगळं ओझं एकट्या स्मिथवर पडायचं.

म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात तपासायचे प्रश्न दोनच. दबावाखाली चेंडू नीट वर येतो का, आणि ईडीकडून बाहेर आलेला चेंडू घेणारा न बिचकता मारतो का. बाकी सगळी सजावट.

पैकी दुसऱ्या प्रश्नावर आकडे पटकन फसवतात. संघ सामन्यात तीन गुणांचे वीसेक फटके मारतो, म्हणजे सहा सामन्यांत १२०. संघाची खरी कुवत ३५ टक्के असली, तर एवढ्या फटक्यांत नुसत्या नशिबाने टक्केवारी चार-साडेचार अंक वर किंवा खाली सरकते. तीनपैकी दोन वेळा ती ३१ ते ३९ च्या मध्ये कुठेतरी पडेल, उरलेल्या वेळी त्याच्याही बाहेर. चांगल्या आणि साधारण नेमबाज संघांतला फरक पाचेक अंकांचा असतो. तेव्हा नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला कुणी '४१ टक्के! यंदा नेमबाजी सुधारली' म्हणालं, तर मान डोलवावी आणि गप्प बसावं. त्या वर्षी ती खरंच सुधारली होती. आदल्या वर्षी बत्तीसच्या आसपास असलेली टक्केवारी मोसमाअखेर चाळिसाच्या घरात गेली. पण सहा सामन्यांवरून ते ठामपणे म्हणता आलं नसतं.

मग बघायचं काय? फटका कसा आला ते. कागदावर तीन रकाने करा: आतून बाहेर आलेल्या पासवर पाय रोवून मारलेला, ड्रिबल करून मारलेला, आणि मोकळा असून न मारलेला. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कुठल्याच स्कोअरकार्डात नसतो. ईडीवर दुसरा बचावपटू धावला, चेंडू लॉयरकडे आला, लॉयरने एक क्षण विचार केला, तेवढ्यात बचावपटू परतला. नोंदवहीत याची नोंद शून्य, पण संधी गेली. पहिल्या रकान्यात खुणा वाढत असतील आणि तिसरा रिकामा राहत असेल, तर त्या दिवशी चेंडू आत गेले नाहीत तरी काळजी नको.

टर्नओव्हरचं गणित जास्त भरवशाचं. त्यासाठी आधी संघाला किती वेळा चेंडू मिळाला ते काढावं लागतं. एकूण फटके घ्या, त्यातून आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला फटका परत पकडणं) वजा करा, टर्नओव्हर मिळवा आणि फाउलबद्दल मिळणाऱ्या फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४७५ ने गुणून तेही मिळवा. समजा ५८ फटके, १२ रिबाउंड, ११ टर्नओव्हर, २४ फ्री थ्रो. ५८ वजा १२ अधिक ११ अधिक ११.४, म्हणजे ६८.४. यातले ११ वाया गेले, म्हणजे १६ टक्के. सहा सामन्यांत अशा चारशेच्या वर संधी जमतात, आणि मग नशिबाचा झोका दोनेक अंकांवर येतो. चेंडू जपणारा संघ १४-१५ वर असतो आणि सांडणारा २० वर, त्यामुळे फरक नोव्हेंबरातच डोळ्यांत भरतो. नुसता 'सामन्यात १२ टर्नओव्हर' हा आकडा मात्र उपयोगाचा नाही. वेगवान सामन्यात १४ सुद्धा चालतात, संथ सामन्यात ११ महाग पडतात.

सगळे टर्नओव्हर सारखे नसतात, हेही लक्षात ठेवा. पाऊल चुकलं, चेंडू रेषेबाहेर गेला, तर निदान परत फिरून बचाव मांडायला वेळ मिळतो. हातातून हिसकावला गेला तर समोर मोकळं मैदान आणि दोन गुण फुकट. हे वेगळे मोजायला कष्ट नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या स्कोअरकार्डातला 'स्टील'चा आकडा म्हणजे तेच.

चेंडू वर येतोय का ते बघायला तर आकडेमोडही लागत नाही. मध्यरेषा ओलांडायला दहा सेकंद मिळतात आणि शॉट क्लॉक, म्हणजे फटका मारायच्या मुदतीचं घड्याळ, तिसाचं. रेषा ओलांडताना घड्याळावर २४-२५ असतील तर दबाव निष्फळ. २१-२२ दिसत असतील तर टर्नओव्हर झाला नाही तरी प्रतिस्पर्ध्याचं काम झालं. ईडीला जागा धरायला, पास अडला तर चेंडू दुसऱ्या बाजूला फिरवून पुन्हा आत टाकायला वेळ लागतो. उशिरा वर आलेला चेंडू हा वेळ खातो, आणि मग घाईत मारलेला फटका स्कोअरकार्डात 'नेम चुकला' म्हणून दिसतो. मूळ दुखणं असतं चाळीस फूट मागे.

याचं उत्तर म्हणून प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी आणला लान्स जोन्स. सदर्न इलिनॉयमध्ये चार वर्षं खेळून आलेला सहा फूट एक इंचाचा गार्ड. कागदावर फार मोठं नाव नव्हतं, पण तो आल्यावर स्मिथला चेंडू टाकून मोकळं होता येऊ लागलं. माझ्या मते त्या मोसमातली सगळ्यात हुशार भरती हीच, आणि तिचं मोल पहिल्याच रात्री दिसलं.

६ नोव्हेंबर, पर्ड्यूचं घरचं मैदान मॅकी अरेना, समोर सॅमफर्ड. निकाल ९८-४५. अशा निकालाकडे लोक बघतही नाहीत, कच्चा लिंबू म्हणून सोडून देतात. पण सॅमफर्ड पूर्ण कोर्टभर दाबून खेळणारा संघ. बदली खेळाडूंच्या फौजा पाठवून चाळीस मिनिटं पाठलाग करायचा, हीच त्यांची ओळख. म्हणजे आदल्या मार्चच्या दुखऱ्या जागेवर बरोबर बोट ठेवणारा प्रतिस्पर्धी पहिल्याच दिवशी. पुढे सॅमफर्डने २९ सामने जिंकले आणि मार्चच्या स्पर्धेत कॅन्ससला ९३-८९ पर्यंत खेचलं. चार दिवसांनी ज्यांना ८७-५७ हरवलं ते मोरहेड स्टेटही मार्चमध्ये पोचले. नोव्हेंबरात प्रतिस्पर्ध्याच्या नावावर जाऊ नये, त्याची खेळायची तऱ्हा बघावी, ती याचसाठी.

याच्याही आधी ऑक्टोबरच्या शेवटी आर्कन्सॉमध्ये मदतनिधीसाठी एक सराव सामना झाला होता. पर्ड्यू जादा वेळेत ७७-८१ हरलं, आणि समाजमाध्यमांवर लगेच 'झालं सुरू' चालू झालं. तो निकाल कुठेच धरला जात नाही. पण भरल्या मैदानात, परक्या प्रेक्षकांसमोर, जोन्सला अटीतटीची शेवटची मिनिटं खेळायला मिळाली, हा त्यातला नफा.

मग माऊई, म्हणजे हवाई बेटांवरची नोव्हेंबरातली स्पर्धा. नेहमी ही स्पर्धा लाहायनातल्या छोट्याशा सभागृहात होते. ऑगस्टमधल्या वणव्यामुळे त्या वर्षी ती होनोलुलूला हलवली. तीन दिवसांत तीन सामने: गोन्झागा ७३-६३, टेनेसी ७१-६७, मार्केट विद्यापीठ ७८-७५. तीन वेगळी प्रश्नपत्रं होती ही. गोन्झागासमोर मध्यंतराला मागे असताना धीर सुटतो का. टेनेसी अंगाशी भिडून खेळणारा, त्यामुळे शिट्ट्या फार आणि लय शून्य. असा रखडलेला सामना ओढून नेता येतो का. मार्केट हातातला चेंडू पळवण्यात तरबेज, त्यात पाय तिसऱ्या दिवसाचे. तिसऱ्या दिवशी बदली खेळाडूंकडे लक्ष ठेवावं. मेसन गिलिस सुरुवातीच्या पाचांतून बाहेर येऊन बाकावरून खेळायला लागला आणि संघ कमकुवत न होता उलट सावरला. पुढे बिग टेन या पर्ड्यूच्या साखळीचा सर्वोत्तम बदली खेळाडू तोच ठरला.

१ डिसेंबरला पहिला पराभव. एव्हान्स्टनला नॉर्थवेस्टर्नकडून, जादा वेळेत ८८-९२. ईडीचे ३५ गुण आणि १४ रिबाउंड असूनही. पर्ड्यू त्या वेळी अव्वल क्रमांकावर होतं, आणि याच नॉर्थवेस्टर्नने याच मैदानात फेब्रुवारीतही अव्वल पर्ड्यूला हरवलं होतं. जखमेवर मीठ ते हेच.

पण हा पराभव किती महाग? मार्चसाठी संघ निवडणाऱ्या समितीच्या टेबलावर असते ती नेट नावाची संघांची क्रमवारी, आणि तिच्यावरून सामन्यांचे चार गट पडतात. पहिल्या गटात घरच्या मैदानावर पहिल्या तिसांतला प्रतिस्पर्धी, तटस्थ मैदानावर पहिल्या पन्नासांतला आणि परक्या मैदानावर पहिल्या पंचाहत्तरांतला. म्हणजे नॉर्थवेस्टर्नला जाऊन हरणं हे पहिल्या गटातलं हरणं, खिशाला फारशी झळ नाही. हाच संघ मॅकीत येऊन जिंकला असता तर गोष्ट वेगळी. आणखी एक गंमत अशी की गट मोसमभर हलत राहतात. नोव्हेंबरात हरवलेला संघ फेब्रुवारीत वर चढला, तर तुमचा जुना विजय आपोआप मोठा होतो. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला पहिली यादी आली की तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. तज्ज्ञांच्या गणिती क्रमवाऱ्यांमध्येही तोवर मोसमाआधीच्या अंदाजांचं वजन शिल्लक असतं.

डिसेंबरातले दोन सामने मात्र पुन्हा पाहण्याजोगे. ९ तारखेला टोरांटोत, ईडीच्या गावी, अलाबामाला ९२-८६. तिथे ईडीचे ३५ गुण. आणि १६ तारखेला इंडियानापोलिसला, अव्वल असलेल्या ॲरिझोनाला ९२-८४. या दुसऱ्यात ईडीचे २२ च. लॉयरचे २७, स्मिथचे २६. कोलंबसमध्ये जे 'मारा' म्हणून मोकळे सोडले होते, त्या दोघांचे मिळून ५३. तिसरा रकाना रिकामा होता, ते या सामन्यात दिसलं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि इंडियानाशी आपलं अंतर साडेदहा तासांचं होतं. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच. पुण्यात बसून ऑफिसच्या आधी सामना पुरा होतो. एव्हान्स्टन मध्य प्रमाणवेळेत, तिथले सात म्हणजे आपले साडेसहा. पर्ड्यूच्या गावी वेस्ट लाफायेटला शिकणाऱ्या मराठी पोरांना पेंट क्रूमध्ये, म्हणजे विद्यार्थी प्रेक्षकांच्या गटात, उभं राहून बघता येतं, त्यांचा हेवा करण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही.

मार्चमध्ये काय झालं? पर्ड्यूच्या वाटेत गोन्झागा आले, ८०-६८. मग टेनेसी, ७२-६६, आणि ईडीचे ४०. होनोलुलूतलेच दोन संघ, तसेच फरक. १९८० नंतर प्रथमच पर्ड्यू शेवटच्या चारांत पोचलं, तिथे एनसी स्टेटला ६३-५० हरवून अंतिम फेरीत.

आणि मग ८ एप्रिल, यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) ७५, पर्ड्यू ६०. ईडीचे ३७. बाकी सगळ्यांचे मिळून २३. यूकॉनने ईडीवर दुसरा माणूस जवळजवळ पाठवलाच नाही. सात फूट दोन इंचांच्या डॉनोव्हन क्लिंगनला त्याच्याशी झगडायला सोडलं आणि उरलेले चौघे नेमबाजांना चिकटून राहिले. पर्ड्यूने तीन गुणांचे फटके किती मारले? सात. आत गेला एक. एरवी सामन्याला वीसच्या आसपास.

नोव्हेंबरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, कारण ईडीला एकट्याने थोपवू पाहील असा क्लिंगन कुणाकडे नव्हता. आता स्कोअरकार्ड उघडलं की टक्केवारीच्या आधी मी प्रयत्नांचा आकडा बघतो. चेंडू आत जाणं हे नेमबाजाच्या आणि नशिबाच्या हातात, पण फटका मारायला मिळणं बरंचसं समोरच्याच्या हातात असतं. नोव्हेंबरातल्या एखाद्या सामन्यात पर्ड्यूचे बाहेरचे फटके वीसवरून अकरा-बारावर आलेले दिसले, तर संघ तीस गुणांनी जिंकला असला तरी तो सामना पुन्हा लावून बघा आणि ते फटके कुणी, कसे बंद केले ते शोधा.