हुतात्माला भेटू

सोलापुरात कुणी ‘हुतात्माला भेटू’ असा निरोप पाठवला, तर उलट प्रश्न विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नये, हे मी अनुभवावरून सांगते. हुतात्मा म्हणजे पार्क चौकाजवळचे हुतात्मा स्मृती मंदिर, जिथे नाटकांचे प्रयोग होतात. आणि हुतात्मा म्हणजे सकाळी पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेससुद्धा, जिने आम्ही सोलापूरला न येणाऱ्या नाटकांचा पाठलाग करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या नाटकवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी ‘रविवारी साडेसहाला हुतात्माला भेटू’ एवढेच लिहिले. आम्ही चौघे पहाटे स्टेशनवर हजर झालो, पुण्याला पोहोचलो, बालगंधर्वला साडेबाराचा प्रयोग पाहिला आणि संध्याकाळी सहाच्या परतीच्या गाडीत बसलो. गाडी सुटून अर्धा तास झाला असेल नसेल, तोच नुकतीच बदली होऊन सोलापुरात आलेल्या एका सभासदांचा संदेश आला, ‘आलो आहे. दार बंद आहे. कुणीच दिसत नाही.’ तेव्हापासून ग्रुपवर हुतात्माच्या पुढे ‘रेल्वे’ किंवा ‘थिएटर’ असे लिहिणे सक्तीचे झाले आहे.

दोन्ही नावे अर्थात एकाच आदरातून आलेली आहेत. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्या नावाची गाडी रोज पुण्यालाच जाते, हे मनात आले की नाटकाच्या गप्पांत मी थोडा वेळ गप्प होते. मग कुर्डुवाडीच्या पुढे कुणीतरी डबा उघडतो, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हातोहात फिरते, आणि आदल्या महिन्यातील प्रयोगावरचा अर्धवट राहिलेला वाद पुन्हा पेटतो.

सोलापूरच्या नाट्यरसिकाचा निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो. पुणे इथून सुमारे अडीचशे किलोमीटर, मुंबई साडेचारशेच्या घरात. कलाकारांची बस, नेपथ्याचे सामान, मुक्काम आणि एवढ्या माणसांचे जेवणखाण असा सगळा पसारा इतक्या लांब आणायचा, तर एका दिवसात दोन प्रयोग लावता आले किंवा वाटेवरचे आणखी एखादे गाव जोडून घेता आले तरच कंत्राटदाराचा हिशेब बसतो. त्यामुळे मुंबईत शंभरी ओलांडलेले नाटक आमच्यापर्यंत येते तेव्हा त्यातील एखादे पात्र बदललेले असते, आणि जाहिरात झळकली की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘मूळ संच आहे का?’ दुसरा प्रश्न, ‘प्लॅन कधी उघडणार?’ प्लॅन म्हणजे आसनांचा तक्ता. पूर्वी तो तिकीटखिडकीत समोर ठेवलेला असे, विकल्या गेलेल्या खुर्च्यांवर पेनाने फुल्या पडत आणि आपल्याला हवी ती खुर्ची उलट्या बाजूने वाचून शोधावी लागे. आता तो फोनवर येतो, पण ‘उघडणे’ हे क्रियापद मात्र कुणी बदललेले नाही. तिसरा प्रश्न नेहमी प्रयोगाच्या दिवशी दुपारी जाग्या होणाऱ्या एका सभासदाचा असतो, ‘मालक, एखादं तिकीट उरलंय का?’ सोलापुरात मालक म्हणवून घ्यायला काही मालकीचे असावे लागत नाही. पण ज्याच्याकडे जास्तीचे तिकीट आहे, तो त्या दिवसापुरता खराच मालक असतो.

या ग्रुपमधील बहुतेकांना मी आधी पाठमोरे ओळखत होते. गुडघा आखडतो म्हणून पाय लांब करता येईल अशी चौथ्या रांगेतील कडेचीच खुर्ची धरणारे काका. पहिला अंक संपण्याच्या नेमक्या अर्धा मिनिट आधी उठून बटाटेवड्याच्या रांगेत पहिला क्रमांक लावणारे जोडपे. सगळे सभागृह हसून झाल्यावर जिचे हसू येते अशी एक बाई. वर्षानुवर्षे आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवत असू, पण नाव विचारण्याची वेळ कधी आली नव्हती. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, आणि पुन्हा कधी उघडतील ते एकमेकांना कळावे एवढ्याच हेतूने कुणीतरी जमतील तितके नंबर गोळा करून हा ग्रुप काढला. मधल्या काळात काही दिवस दारे किलकिली झाली, पुन्हा बंद झाली, आणि निम्म्या आसनक्षमतेवर का होईना, राज्यातील नाट्यगृहे पुन्हा सुरू व्हायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला.

त्या दीड वर्षात आम्ही एकाही नाट्यगृहाची पायरी चढलो नाही आणि तरीही पुष्कळ नाटके पाहिली. झाले असे की एका रात्री काकांनी तरुणपणी मुंबईत पाहिलेल्या एका नाटकाचा पहिला अंक आठवेल तसा लिहून काढला, खाली ‘मध्यंतर. उर्वरित उद्या’ असे लिहिले आणि ते निजले. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच चौकशा सुरू झाल्या. कुणीतरी घरी तळलेल्या वड्यांचा फोटो टाकला, कुणीतरी घंटेचा आवाज पाठवला, आणि रात्री नऊ वाजता काकांनी दुसरा अंक सादर केला. मग ती रीतच पडली. ज्याने जे नाटक पाहिले असेल ते त्याने बाकीच्यांना सांगायचे. आजही आमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेल्या नाटकांपैकी निम्मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेली आहेत, आणि गप्पांच्या भरात कोणती आपली व कोणती उसनी, हे आम्हाला नेहमीच सांगता येते असे नाही.

सांगण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी. काका बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचे निवेदन ताळेबंदासारखे असते: अंक दोन, पात्रे पाच, दरवाजे तीन, पैकी एक शेवटपर्यंत उघडलाच नाही, तो का उभा केला होता ते दिग्दर्शकाला ठाऊक. रहस्यनाटकांची पंचाईत निराळीच असते, कारण प्रयोगानंतर कलाकार हात जोडून शेवट फोडू नका असे विनवतात आणि इकडे ग्रुपवर लोक वाट पाहत बसलेले असतात. अशा एका नाटकाचा काकांचा संपूर्ण अहवाल होता, ‘खून झाला आहे. बाकी समक्ष.’ निवृत्त शिक्षिका असलेल्या ताई कथानक सांगण्याच्या फंदातच पडत नाहीत. एका नाटकाबद्दल त्यांनी फक्त नायिका दुसऱ्या अंकात पाण्याचा पेला टेबलावर कसा ठेवते तेवढे लिहिले, आणि त्या संसारात काय घडून गेले आहे ते आम्हाला कळले.

तो पेला मी पुढे पुण्यात प्रत्यक्ष पाहिला. नटीने तो अगदी सहज, काहीच न झाल्यासारखा ठेवला. मी तसे ग्रुपवर लिहिले. ताईंचे उत्तर आले, ‘मी पाहिला त्या प्रयोगात तिचा हात थरथरला होता.’ हात भूमिकेमुळे थरथरला की त्या दिवशी तिला ताप होता, थरथरणे बरे की न थरथरणे बरे, यावर तीन दिवस चर्चा चालली आणि त्यात ते नाटक मुळीच न पाहिलेले लोक सर्वांत हिरिरीने बोलले. वाद मिटला नाही, कारण पडताळून पाहायला काहीच हाती नव्हते. आम्ही दोघींनी दोन वेगळे पेले पाहिले होते. माझे प्रामाणिक मत विचाराल तर ताईंचा पेला सरस होता, आणि तो मी पाहिलेला नाही.

आमच्यात पूर्व भागातील तेलुगू घरातील एक वहिनी आहेत. त्या कधी फारसे लिहीत नाहीत, पण प्रयोगाहून घरी गेल्यावर ओट्याशी उभ्या राहून सासूबाईंना सगळे नाटक तेलुगूत सांगतात, असे त्यांनी एकदा मध्यंतरात मला सांगितले. सासूबाई मधेच प्रश्न विचारतात, पात्रांना दोष देतात आणि एखाद्या सुनेची बाजू घेऊन भांडतात. म्हणजे मराठी नाटकाचा त्याच रात्री आणखी एक प्रयोग त्या स्वयंपाकघरात होतो, आणि माझ्या अंदाजाने तो अधिक रंगत असावा.

खरी कसोटी लागते ती हिवाळ्यात, राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेची प्राथमिक फेरी आमच्याही केंद्रावर होते, आणि रोज एक याप्रमाणे हौशी संस्थांची नाटके पाहायला मिळतात. तिकीट नाममात्र असते. प्रेक्षकांत कलाकारांचे नातेवाईक, परीक्षकांच्या टेबलावरचा तो लहानसा दिवा आणि आमच्या ग्रुपमधले वीस-पंचवीस जण. व्यावसायिक नाटकावर बोलणे सोपे असते, कारण ते लोक रात्रीच बसने निघून जातात. इथे मात्र रंगमंचावरचा खलनायक सकाळी औषधाच्या दुकानात आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून देणार असतो, आणि पुन्हा तो ग्रुपवरही असतोच. त्यामुळे आमच्यात एक सांकेतिक भाषा तयार झाली आहे. ‘नेपथ्य देखणे होते’ म्हणजे अभिनयाबद्दल विचारू नये. ‘प्रयत्न स्तुत्य’ म्हणजे मध्यंतरात निघून यावेसे वाटले होते. ‘संहितेवर अजून काम व्हायला हवे’ हे सर्वांत कठोर वाक्य, आणि ‘पुन्हा कधी करताय?’ हे खरे प्रशस्तिपत्रक. संकेत आता सर्वांनाच, त्या औषधवाल्यांनाही, ठाऊक झाले असल्यामुळे त्यांचा उपयोग शून्य आहे, तरीही आम्ही ते सोडलेले नाहीत. मला स्वतःला हे दिवस मोठ्या नावांच्या प्रयोगांपेक्षा जास्त आवडतात. दिवसभर दुकान, शाळा, कारखाना सांभाळून रात्री तालीम केलेल्या माणसाचे एखादे वाक्य अचानक लखकन जागेवर पडते, तेव्हा तो स्वतःही किंचित दचकतो, आणि ते दचकणे पाहायला मिळते.

अभिमानाचे विषय प्रत्येक गावाला असतात, तसे आम्हालाही आहेत. फैय्याज सोलापूरच्या, हे ‘कट्यार काळजात घुसली’मधील झरीनाचा विषय निघाला की कुणीतरी लिहितोच. अतुल कुलकर्णी हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्यापूर्वी इथल्या ‘नाट्य आराधना’त काम करत होते, ‘हा मुलगा पुढे जाणार हे मी तेव्हाच म्हटलं होतं’ असे सांगणारे आमच्या ग्रुपवर किमान सात जण आहेत. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केल्याची माहिती अकरा जणांकडून अकरा वेळा येते. त्या दिवशी मी फोन बाजूला ठेवते.

फोन बाजूला ठेवण्यावरून आमच्यात एकदाच मोठे भांडण झाले. एका तरुण सभासदाने पुण्यातील प्रयोगात अंधारात घेतलेले दीड मिनिटाचे चित्रण उत्साहाने पाठवले. बराच वेळ कुणीच काही बोलले नाही. मग काकांचा संदेश आला, ‘हे काढून टाका. नाटक चोरून आणू नये, सांगावं.’ त्याने ते काढले आणि त्याच रात्री सगळा प्रवेश लिहून पाठवला. चित्रणात न आलेला नटाचा घाम त्यात होता. मला मात्र या विषयावर बोलण्याचा फारसा अधिकार नाही. एकदा एका शांत प्रवेशात, आई आणि मुलगा काहीही न बोलता बसलेले असताना, माझ्या पर्समधून फोन वाजला. नट थांबला. बटण सापडेपर्यंत तो चार वेळा वाजला आणि मला ते चार तास वाटले. त्या रात्री ग्रुपवर प्रयोगाची सविस्तर चर्चा झाली, पण कुणीही त्या आवाजाचा उल्लेख केला नाही, आणि तेच मला जास्त लागले. तेव्हापासून मी फोन पुरता बंद करते, नुसता मुका करत नाही.

ग्रुपमधील एक मुलगी नोकरीनिमित्त हैदराबादला असते. ती मूळची सोलापूरचीच, आणि तिथे मराठी प्रयोग वारंवार होत नाहीत म्हणून आमच्या प्रत्येक प्रयोगाचा अहवाल ती हक्काने मागते. तिने एकदा लिहिले होते, ‘तुम्ही दिवसभर इतकं बोलत असता, आणि मग एकदम सगळे गप्प होता. मला इथे कळतं, तिसरी घंटा झाली.’

गेल्या रविवारी प्रयोग संपल्यावर मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभी राहिले. काका गुडघा चोळत पायऱ्या उतरत होते, वहिनी रिक्षा शोधत होत्या, आणि ती उशिरा हसणारी बाई एकटीच कशावर तरी हसत होती. मी फोन सुरू केला. हैदराबादचा संदेश आधीच येऊन थांबला होता, ‘सांगा.’ हेल्मेट आरशाला अडकवून मी लिहायला घेतले, ‘पडदा उघडला तेव्हा कुणीच नव्हतं. डावीकडे एक झोपाळा होता, आणि तो हलत होता.’