लाईट गेली, लाईट आली आणि घरचा सर्व्हर

एप्रिल २०२५, आखाजीच्या आधी

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेला वापरलेला मिनी पीसी आता घरचा सर्व्हर म्हणून पक्का झाला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, आत दोन डिस्क: एक एनव्हीएमई आणि एक सटा एसएसडी. बॅकअपला बाहेरून हार्ड डिस्क. वॅटमीटर लावून पाहिलं, काही काम नसताना १५ वॅटच्या आसपास घेतो. चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला ११ युनिटच्या आसपास. एवढ्या विजेत घरचे फोटो, शेतीचे कागद आणि माझे सगळे प्रयोग मावतात याचा मला मनापासून आनंद आहे.

त्यावर काय टाकायचं हे ठरायला मात्र वेळ लागला. ट्रूनास या साठवणुकीच्या सिस्टीममध्ये झेडएफएस, म्हणजे डिस्कवर फाइली राखायची व्यवस्था, ज्या पद्धतीने हाताळता येते ते मला फार आवडतं. पण ते ज्या डिस्कवरून सुरू होतं तिच्यावर डेटा ठेवू देत नाही, आणि दोनच डिस्कच्या यंत्रात एक अशी अडकवणं परवडत नाही. मग फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टीमवर बरेच दिवस काढले. त्याची हँडबुक शांतपणे वाचली तर अर्धं सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेशन तिथेच शिकून होतं. जेल, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या कप्प्यांत चालवायची सोय, त्यात २००० सालापासून आहे, म्हणजे तशाच कामाचं डॉकर येण्याच्या तेरा वर्षं आधी. अडचण अशी की फोटोंसाठी इमिच आणि कागदांसाठी पेपरलेस ही मला हवी असलेली दोन्ही सॉफ्टवेअरं डॉकरमधूनच सरळ चालतात. म्हणून शेवटी प्रॉक्समॉक्स. खाली डेबियन लिनक्स, वर व्हर्च्युअल मशीन (यंत्रातलं यंत्र) आणि कंटेनर (सॉफ्टवेअरचे कप्पे) दोन्ही. नवीन काही दिसलं की एक मशीन उभं करायचं, स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नोंद, घ्यायचा, पाहिजे ते करून बघायचं आणि नको वाटलं तर मागे यायचं. सतत नवं करून पाहणाऱ्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

मे, भर दुपार

चोपड्याकडचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकतो. सर्व्हरच्या खोलीत कूलर दुपारी चालतो तोवर ठीक, लाईट गेली की खोली तापायला लागते.

इंटरनेटवर होम सर्व्हरचं जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या तळघरांत बसून लिहिलेलं असतं. तापमानाचा विषय तिथे दोन ओळींत संपतो. इथे तो पहिला विषय आहे. हार्ड डिस्क बनवणारे साधारण ६० अंशांपर्यंतची मर्यादा देतात. खोलीच ४० वर असेल तर सलग बॅकअप चालू असताना डिस्क पन्नाशी सहज ओलांडते. म्हणून बॅकअप पहाटे चारला लावला, आणि डिस्कचं तापमान ठराविक आकड्यावर गेलं की काम थांबवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. सीपीयूची मला तेवढी काळजी नाही. तो तापला की स्वतःच वेग कमी करतो.

सगळ्यात जास्त हाल होतात ते यूपीएसच्या बॅटरीचे. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून मोजलेलं असतं. त्याच्यावर दर दहा अंशांमागे ते जवळपास निम्मं होतं. म्हणजे कंपनीने चार वर्षं लिहिली असतील तर आमच्या बाजूला दोनही धरू नयेत. यूपीएस भिंतीपासून सुटा, जमिनीलगत ठेवला. वर पोटमाळ्यावर ठेवायचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा खानदेशात उन्हाळ्यात यावं.

जून, मृग लागला

आज सबंध दिवस एकाच गोष्टीवर गेला आणि ती नीट लिहून ठेवायची आहे, कारण मराठीत ती मला कुठे वाचायला मिळाली नाही.

लाईट गेली की सर्व्हर नीट बंद व्हावा यासाठी मी नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, वापरतो. यूपीएस यूएसबीने जोडलेला असतो. बॅटरी संपत आल्याचा निरोप आला की नटच्या सांगण्यावरून आधी व्हर्च्युअल मशीन बंद होतात, मग यंत्र. परत लाईट आली की आपोआप चालू व्हावं म्हणून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, सोय असते: वीज परतल्यावर चालू हो. ऐकायला सगळं पूर्ण वाटतं.

आता हे बघा. लाईट जाते, बॅटरी संपत येते, यंत्र बंद व्हायला सुरुवात होते, आणि तेवढ्यात लाईट येते. यूपीएसचं आउटपुट क्षणभरही तुटलेलं नाही. यंत्राच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, त्याला कोणीतरी व्यवस्थित बंद केलं एवढंच. मग ते चालू का होईल? लाईट घरभर असते, फ्रिज चालू असतो, आणि सर्व्हर गप्प. पावसाळ्याच्या तोंडावर वारा सुटला की आमच्याकडे लाईट अशीच येते-जाते, त्यामुळे हा प्रसंग इथे कागदावरचा नाही.

उपाय नटमध्येच आहे. यंत्र बंद होताना अगदी शेवटच्या टप्प्यावर यूपीएसला आज्ञा द्यायची, की थोड्या वेळाने तूही आउटपुट तोड आणि लाईट असेल तर पुन्हा दे. मग वीज खरोखर तुटते, खरोखर परत येते, आणि बायोसची सोय कामाला लागते. नटच्या माहितीपुस्तकात याची पूर्ण चर्चा आहे. मात्र प्रत्येक यूपीएस ही आज्ञा पाळतोच असं नाही. विकत घ्यायच्या आधी नटच्या यादीत आपलं मॉडेल बघावं. दुकानात बॅकअप किती मिनिटं एवढंच विचारलं जातं.

दुसरी बाजू चालू होण्याच्या क्रमाची. मिनी पीसी अर्ध्या मिनिटात उठतो, फायबरचा डबा आणि राउटर सावकाश. तोवर कंटेनर उठून नेटवर नावावरून पत्ता शोधायला लागतात आणि काही जण हरून बसतात. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक मशीनला क्रम देता येतो, आणि तिच्यानंतरचं मशीन उठण्याआधी किती थांबायचं तो वेळही. पहिल्याला चांगली दहा मिनिटं दिली, म्हणजे बाकीची त्यानंतरच उठतात. तेवढ्यात लाईट पुन्हा गेली तरी त्या बाकीच्यांत काही लिहिणं सुरू झालेलं नसतं.

संध्याकाळी मेन स्विच हाताने पाडून, चढवून, मधल्या वेळात परत पाडून सगळं तपासलं. आई ओट्यावरून विचारत होती, "लाईट वनी का रे?" आणि मी आतून हो-नाही ओरडत होतो. आता एखादी सिस्टीम मला आवडली की नाही हे मी तिच्या पडद्यावरून ठरवत नाही. आधी तिची लाईट तीन-चार वेळा घालवतो.

जून अखेर

वादळाने शिवारातली केळी आडवी झाली, आमचीही. पंचनाम्याला सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार हे सगळं लागतं. पेपरलेसमध्ये "सातबारा" टाकलं आणि सगळे उतारे वर्षवार समोर आले. बागेचे वादळाआधीचे फोटो इमिचने नकाशावरून काढून दिले. आप्पा एवढे दिवस या डब्याकडे माझा छंद म्हणून बघायचे. आज त्यांनी शेजारच्या काकांचे कागदही स्कॅन करून ठेवायला सांगितले. केळी गेली त्याचं दुःख आहेच. त्यात कागदांसाठी तरी वणवण झाली नाही.

जुलै

पेपरलेस कागद वाचतं ते टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोरावर. त्यात मराठीचं मॉडेल आहे, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषा एकदम लावता येतात. छापील कागद चांगला वाचतो. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर त्याचं काही चालत नाही, त्यांना मी हातानेच शीर्षक देतो.

खरं काम पुढे निघालं. "शेतकऱ्यांचा" असं शोधलं तर निम्मेच कागद यायचे. मजकूर हेक्साडेसिमल रूपात, म्हणजे प्रत्येक अक्षराचा संगणकातला संकेत दिसेल असा, उघडून पाहिला. ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक नुक्त्याच्या ऱ ला हलंत जोडून, दुसरा साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारं शून्य-रुंदीचं जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. कागद आत घेताना सगळे ऱ्या एकाच तऱ्हेत बदलणारी स्क्रिप्ट जोडली, शोधायच्या शब्दालाही तोच नियम लावला, आणि कागद पूर्ण यायला लागले. मराठीत कोणतंही शोधयंत्र बसवणाऱ्याने ही एक चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

फाइलच्या नावांचंही तसंच. विंडोजमध्ये नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी-फोर या फाइल व्यवस्थेत आणि सहसा झेडएफएसवरही मर्यादा २५५ बाइटची असते, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. काना, मात्रा, हलंत हेही वेगळे घटक. म्हणजे हिशोब ८५ वर येऊन थांबतो. "सन २०१८-१९ ठिबक सिंचन अनुदान प्रस्ताव गट क्रमांक..." अशी आमच्याकडची सरकारी थाटाची नावं कॉपी होताना तिथेच अडतात. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही भिंत जन्मात दिसत नाही. हे आपणच शोधायचं आणि आपणच लिहून ठेवायचं.

ऑगस्ट, राखीनंतर

कानबाईच्या गडबडीत प्रॉक्समॉक्स ९ कडे बघायला जमलं नाही. ते ५ ऑगस्टला आलं, आणि ज्यावर ते उभं आहे ते डेबियन १३ चार दिवसांनी, ऐन राखीपौर्णिमेला. ट्रिक्सी हे त्या डेबियनचं नाव, कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१२. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तात्पुरत्या फाइलींचा टेंप फोल्डर आता आपसूक रॅममध्ये जातो आणि अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकतो. माझी स्कॅनची स्क्रिप्ट तिथेच पानं साठवायची, ती डिस्कवर हलवली. दुसरी गोष्ट, ३२ बिटच्या पीसीसाठी आता डेबियनचा इन्स्टॉलर नाही. शाळांच्या कपाटांत अजून तशी यंत्रं पडून आहेत, त्यामुळे हे वाचून वाईट वाटलं.

याच संदर्भात अल्मालिनक्सचं कौतुक करायला हवं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला साधारण इंटेलच्या चौथ्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याच्याशी जुळणाऱ्या अल्मालिनक्स १० ने जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी आवृत्तीही ठेवली आहे. आप्पांच्या जुन्या तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉपवर ती टाकली, छान चालते. आता त्यावर बॅकअपची दुसरी प्रत जाते.

प्रॉक्समॉक्सची नवी आवृत्ती चढवणं सोपं गेलं. आधी त्यांचीच तपासणीची आज्ञा चालवायची, ती काय काय अडेल ते सांगते. घाई नसेल तर हे काम श्रावणात, हवा गार असताना करावं.

ऑक्टोबर, दिवाळीच्या दिवसांत

विंडोज १० चा आधार १४ तारखेला संपला. चोपड्यातल्या माझ्या मावसभावाच्या कृषी सेवा केंद्रात दोन पीसी आहेत, दोन्ही विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. एकावर बिलाचं सॉफ्टवेअर, जे विंडोजवरच चालतं. त्याला एका वर्षाचे वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायला लावले, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत विचार करायला वेळ. दुसऱ्यावर लिनक्स मिंट २२ टाकलं, त्याला २०२९ पर्यंत आधार आहे. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने पहिल्या बैठकीत सुरू झालं, प्रिंटरही. भाऊने एवढंच विचारलं की ग्राहकाला पावती निघेल ना. निघते.

घरात कापूस यायला लागला आहे. ढीग लागलेल्या खोलीतून तंतू उडतो आणि पंख्याच्या पात्यांवर बसून हळूहळू जाळं धरतो. सर्व्हर देवघराच्या बाजूला हलवला. पंखा उघडून ब्रशने साफ केला, आणि हे काम आता दर पंधरवड्याला, संक्रांतीपर्यंत.

दिवाळीला ताई पुण्याहून आली. तिच्यासाठी कागद तयार ठेवला होता: मी नसताना बॅकअपमधून एखादी फाइल परत कशी काढायची, मराठीत, ओळीओळीने. मी अंगणात बसलो आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं. बॅकअपची डिस्क जोडायच्या ओळीवर ती थांबली. डिस्कवर चिठ्ठी लाव आणि तेच नाव कागदावर लिही, म्हणाली. लिहिलं. मग विहिरीच्या अनुदानाचा जुना कागद तिने स्वतः काढून आप्पांच्या मोबाईलवर पाठवला. आता खराब डिस्क बदलण्याचा कागद लिहायचा आहे, आणि तो आप्पांकडून तपासून घ्यायचा आहे.